तीन नग

वाटणी झाली त्या दिवशी आबांनी सगळी हत्यारं अंगणात मांडली आणि मोजली. कोणतं किती उपयोगाचं, कोणतं किती झिजलेलं, हे काही बघितलं नाही. नुसते नग मोजले. म्हाताऱ्याने जन्मभर सुतारकाम केलं होतं आणि दोन्ही लेकांवर त्याचा सारखाच जीव होता, म्हणजे दोघांवरही बेताचाच. त्यामुळे न्याय चोख झाला. करवत एकाला, रंधा दुसऱ्याला. पटाशा सारख्या वाटल्या. पान्यांचा जुडगा हा एकच नग धरला, त्यावरून दोन्ही सुनांची थोडी तोंडातोंडी झाली.

शेवटी बिनवायरचं ड्रिल मशीन, त्याच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर एवढं उरलं. तोवर थोरल्याकडे दहा नग झाले होते, धाकट्याकडे बारा. आबांनी मशीन धाकट्यापुढे सरकवलं आणि बाकीचे तीन नग थोरल्यापुढे.

"झाले तेरा-तेरा," म्हणाले.

धाकटी दारात उभी होती. तिला राहवलं नाही. "आबा, बॅटरीशिवाय ते मशीन म्हणजे नुसती मूठ."

"आणि मशीनशिवाय बॅटरी काय आम्ही तव्यावर भाजून खाऊ?" थोरली म्हणाली.

आबा गालात हसले. "म्हणूनच अशी वाटणी केली. एकाला लागलं की दुसऱ्याकडे यावं लागेल. येणं-जाणं राहील."

म्हाताऱ्याचा हिशोब वाईट नव्हता. फक्त आपल्या पोटची पोरं त्याने त्यात धरली नव्हती.

थोरला तेव्हाच म्हणाला, "बॅटऱ्या माझ्याकडे आहेत, कुठे पळून जात नाहीत. लागली की माग. भाऊ आहेस, नाही म्हणणार नाही. फक्त तोंडाने माग."

"तुला मशीन लागलं की तू माग," धाकटा म्हणाला.

सात महिने झाले, भिंत एकच होती, पण कोणी मागितलं नाही. थोरल्याचं काम गावातल्या वीज असलेल्या घरांतलं. त्याने वायरचं मशीन घेतलं आणि बॅटऱ्या मऊ फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. धाकटा हातानेच स्क्रू पिळत राहिला. मशीन मात्र पिशवीतून रोज कामावर न्यायचा. ते बघून गावाने त्याचं नाव 'बिनवायर' ठेवलं. नाव ठेवायला गावाला कधी वेळ लागत नाही.

उन्हाळा तापायला लागला तसा गोठेवाला दारात आला. तीस जनावरांचा धनी, बोलायला गोड, वागायला मोजका. गावापासून लांब, शेताच्या टोकाला त्याने नवा गोठा उभा केला होता. लोखंडी सांगाडा तयार होता, वर पत्रे बसवायचे होते. विजेचा खांब अजून तिथवर पोचला नव्हता.

"बिनवायर, तुझ्या नावाचंच काम आहे," तो म्हणाला. "वारे सुटायच्या आत छप्पर झालं पाहिजे. हे नीट उतरलं तर पलीकडचे दोन गोठेही तुझेच. नाही उतरलं तर शहरातली माणसं आहेतच. त्यांच्याकडे चार-चार मशीन असतात."

वेगळं झाल्यावरचं पहिलं मोठं काम. आजवर छपराचं काम आलं की लोक थोरल्याला हाक मारायचे आणि धाकटा शिडी धरायला जायचा. धाकटा हो म्हणाला. गोठेवाला वळल्यावर त्याने मशीन पिशवीतून काढलं, खटका दोनदा दाबून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिलं.

"शेजारी मागू या का?" धाकटीने विचारलं.

"पुन्हा म्हणायचं नाही."

म्हणून दोघं तालुक्याच्या दुकानात गेली. दुकानदार कपाळावर चष्मा चढवून बसला होता. त्याने मशीन उलटसुलट करून पाहिलं.

"ह्याची बॅटरी कुठाय? खाच जुळवायला लागेल."

"नाही."

"हरवली?"

"वाटणीत गेली."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "मशीन तुम्हाला आणि बॅटरी?"

"भावाला."

"चार्जर?"

"भावालाच."

"भाऊ परदेशी असतो?"

"शेजारीच. मधे भिंत आहे."

"अशा चार भिंती गावोगाव असाव्यात," दुकानदार म्हणाला आणि चष्मा परत वर सरकवून मागे गेला. "व्होल्ट किती?"

धाकटीने मशीनच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचली. "अठरा लिहिलंय."

काचेवर तीन बॅटऱ्या आल्या. पहिली मशीनच्याच कंपनीची. तिची किंमत ऐकून धाकट्याने ती अलगद मागे सरकवली, जणू दुसऱ्याचं मूल चुकून मांडीवर घेतलं होतं. दुसरी साध्या काळ्या वेष्टनातली, वर चारचा आकडा. तिसरीवर सोनेरी पट्टी आणि अंगठ्याएवढा सहा. किमतीला दुसरीपेक्षाही कमी.

"ही सहावाली," धाकटा म्हणाला. "सहा म्हणजे चारपेक्षा जास्त चालणार."

धाकटीने दोन्ही बॅटऱ्या दोन हातांत घेतल्या. ती दहा वर्षं भाजीच्या शेडमध्ये टोमॅटो निवडायला जात होती. क्रेट उचलला की कितीचा भरला हे तिचे हात सांगायचे, काटा नंतर हो म्हणायचा.

"ही हलकी आहे," ती सहाच्या बॅटरीकडे बघून म्हणाली.

"हलकी बरी. शिडीवर उभं राहून हात वर धरायचा असतो, तुला काय माहीत."

"क्रेटच्या तळाला गवत भरलेलं असलं की असंच लागतं हाताला."

दुकानदार मोठ्याने हसला. "दादा, वहिनींना विचारून घ्या. आत सेल असतात, आणि सेलला वजन असतं. आकडा काय, छापेल तेवढा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. धाकट्याने चारचीच बॅटरी घेतली, पण बायकोच्या हातातून घेतली नाही. काचेवर ठेवायला लावली आणि मग उचलली. पैसे तिच्या शेडच्या मजुरीतले होते, ते मात्र हातातून घेतले.

दुकानदाराने चार्जर बांधून देताना सांगितलं, "वर तीन दिवे आहेत. एकच उरला की काढायची आणि भरायची, पार विझेपर्यंत पिळायची नाही. तापलेली असताना लावायची नाही. बरेच दिवस काम नसलं तर अर्धी भरून सावलीत ठेवा. रिकामी ठेवू नका."

आपल्याला आधीच माहीत असलेलं ऐकताना माणूस जशी मान हलवतो तशी धाकट्याने हलवली. "आमच्या आबांनी शिकवलंय सगळं."

काम सुरू झालं. धाकटीने शेडमधून रजा घेतली आणि खालून पत्रे द्यायला उभी राहिली. सकाळी पत्रा हाताला गार लागायचा, दहा वाजता कोमट आणि बारानंतर हात लावला की कातडी चिकटायची. धाकटा गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधून वर सरकायचा. खांद्यावर मशीन टेकवायचा, दात आवळून दाबायचा. स्क्रू पत्र्यातून खालच्या लोखंडी पाइपात शिरताना किंचाळायचा आणि एकदम गप्प व्हायचा. लोखंडाचा बारीक भुगा खाली धाकटीच्या केसांत पडायचा. संध्याकाळी ती तो फणीने काढायची.

तिचं लक्ष दिव्यांकडे असायचं. "एकच उरला हो."

"उरू दे. पार उतरू दे."

"दुकानदार म्हणाला..."

"दुकानदाराला विकायच्या असतात. भूक लागल्याशिवाय जेवू नये आणि उतरल्याशिवाय भरू नये. आबांनी त्यांच्या जुन्या मशीनची बॅटरी अकरा वर्षं चालवली अशी."

मशीन थांबायचं. मग तो ते मांडीवर ठेवून पाणी प्यायचा, बॅटरीला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा खटका दाबायचा. एक स्क्रू जायचा, दुसरा अर्धा जायचा. आटलेल्या गाईखाली बसून आचळ ओढत राहावं तसा तो शेवटच्या घरघरीपर्यंत खटका ओढत राहायचा. मग तापलेली बॅटरी वरून तिच्या ओंजळीत टाकायचा. "जा, भरून आण."

गोठा ते घर पंचवीस मिनिटं. ती बॅटरी घेऊन जायची. जाता-जाता ती निववण्यासाठी मुद्दाम झाडांखालून लांबची वाट धरायची. घरी चार्जरला लावून तासभर बसायची आणि उन्हातून परत यायची. दिवसातून दोनदा. थोरलीच्या दारावरूनच वाट होती.

"काय गं, आज पण दवाखान्यात नेतेस का तिला?" थोरली दारातून विचारायची.

"तापच उतरत नाही."

"आमच्या दोघी कपाटात नुसत्या लोळतायत. मागायला काय जातं तुमचं?"

जायचं ते काय, हे दोघींनाही माहीत होतं. धाकटी हसून पुढे जायची. पावलं मात्र लांब टाकायची.

अर्धं छप्पर झालं आणि पत्रे संपले. पुढची गाडी आली ती हातभर आखूड पत्र्यांची. गोठेवाल्याने ती परत पाठवली, नवे पत्रे यायला तीन आठवडे लागतील म्हणाला. त्या दिवशी धाकट्याने उरलीसुरली बॅटरी खटका दाबदाबून संपवली, मशीन हवेतच फिरवून, आणि पडवीतल्या पत्र्याच्या पेटीत टाकली. पडवीवर दिवसभर ऊन असायचं.

बॅटरीच्या खोक्यात एक कागद आला होता. धाकटीने तो जपून ठेवला होता. त्यावर एक रिकामी बॅटरी काढलेली होती आणि तिच्यावर मोठी लाल फुली. सूर्यावरही एक फुली. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

"चित्रं बघून काम करायला मी काय बालवाडीत आहे?"

आठव्या दिवशी तो बाहेर गेलेला बघून तिने बॅटरी काढली आणि चार्जरला लावली. अजून तिच्यात धुगधुगी होती, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तेवढ्यात तो परत आला. त्याने बॅटरी उपसली, खटका आवळून तिच्यात आलेला चार मिनिटांचा जीव पुन्हा घालवला, ती पेटीत टाकली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. तो राग बॅटरीचा नव्हता. तालुक्याच्या दुकानात तीन माणसांसमोर बायकोच्या हाताने जे वजन केलं होतं, त्याचा होता. धाकटीला ते कळत होतं. म्हणून तिने पुन्हा नाद केला नाही, आणि पुढे तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

एकविसाव्या दिवशी पत्रे आले. गोठेवाला स्वतः सांगायला आला. "परवा दुपारपर्यंत झाकून टाक. वारं फिरायला लागलंय, अर्धं छप्पर उचलून जाईल. परवा दुपारी नाही झालं तर मी शहरात फोन करणार, मग वाईट वाटून घेऊ नकोस."

धाकट्याने पेटी उघडली आणि बॅटरी चार्जरला लावली. लाल दिवा चमकायला लागला. लाल, बंद, लाल, बंद. त्याने बॅटरी काढून तिचे पितळी पाय सदऱ्याला पुसले, फुंकर मारली, पुन्हा लावली. लाल, बंद. मग त्याने तिला चापट मारली. आबा मशीनला मारायचे तशी, तळहाताने, फटकन.

धाकटीने दुकानदाराला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"किती दिवस रिकामी होती?" दुकानदाराने विचारलं. आवाज बाहेर ऐकू येत होता.

"असेल... एकवीस."

"मग गेली ती. एका मर्यादेखाली उतरली की चार्जर तिला बॅटरी समजतच नाही. ताट वाढून ठेवलं तरी मेलेला माणूस जेवायला उठत नाही."

"आमचे वडील तर उतरवूनच..."

"जुन्या जातीच्या बॅटऱ्या होत्या, त्यांना ते चालायचं. वडिलांचं खरं होतं हो, वीस वर्षांपूर्वी. तसलीच दुसरी आता शिल्लक नाही. मागवली तर आठवडा लागेल."

धाकट्याने फोन ठेवला. मग हातपाना घेऊन गोठ्यावर गेला. दुपारपर्यंत त्याने हाताने नऊ स्क्रू बसवले. लागणार होते चारशे. तळहाताचे फोड फुटून पाना निसटायला लागला, तेव्हा तो पत्र्यांच्या सावलीत जाऊन पडला.

धाकटी त्याला न सांगता गावात आली.

थोरला अंगणात दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. आबा ओट्यावर बसून रंध्यातून निघणाऱ्या सालींकडे बघत होते.

"भाऊजी, बॅटरी पाहिजे होती."

"कोणाला?"

"आम्हाला."

"त्याने पाठवलं?"

"नाही."

"मग त्याने मागितली नाही." रंधा एकदा गेला, एकदा आला. "वाटणीत मशीन त्याला आलंय. मागायचं त्याने."

"मी मागते आहे."

"काय म्हणालीस? आबांना ऐकू जात नाही. त्यांच्यासमोर बोल, नंतर म्हणाल दिलीच नव्हती."

ती ओट्याजवळ गेली. "आबा, मी भाऊजींकडे बॅटरी मागते आहे."

"काय मागतेस?" आबा म्हणाले.

"बॅटरी." आता ती मोठ्याने बोलली होती. पलीकडच्या घरात धुणं वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. थोरली आतून येऊन दाराला टेकली. आज तिने चेष्टा केली नाही, तेच धाकटीला जास्त लागलं.

तेव्हा कुठे थोरल्याने रंधा खाली ठेवला. हात झटकले, तांब्याभर पाणी प्याला, आत जाऊन स्टूल घेतलं. फडकं सोडायला त्याला बराच वेळ लागला, तीन गाठी होत्या. आत दोन बॅटऱ्या आणि चार्जर. दुकानात ठेवल्यासारख्या चकचकीत.

"बघ," तो म्हणाला. "आठ महिने. एक ओरखडा नाही. एकदासुद्धा हात लावला नाही."

धाकटीने एक बॅटरी उचलून पाहिली. "मधे कधी भरल्या होत्या का?"

"वापरल्याच नाहीत तर भरायच्या कशाला?"

"पण वाटणीच्या दिवशी..."

"पार उतरवून ठेवल्या होत्या मी," आबा ओट्यावरून म्हणाले. हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं. "आदल्या दिवशीच. भरलेली बॅटरी कधी ठेवू नये. शिस्त असते एक."

तिने भिंतीतल्या प्लगला चार्जर लावला आणि पहिली बॅटरी सरकवली. लाल, बंद. दुसरी सरकवली. लाल, बंद, लाल, बंद. थोरला वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू निघून गेलं. आठ महिने ज्या गोष्टीवर तो ताठ बसला होता, तिच्यात आठ महिने काहीच नव्हतं.

"चार्जर बिघडला असेल," तो म्हणाला.

"आमच्या चार्जरचा दिवा पण असाच लागतो."

"म्हणजे तुमचीही गेली?" मग आवाज चढवून, "हे बघ, माझ्याकडे होत्या तोवर धड होत्या. तू हात लावलास आणि हे झालं. आबा, तुम्ही साक्षीला आहात."

आबांनी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनाही माहीत नसावं.

धाकटीने फडक्यात बॅटऱ्या आणि चार्जर पुन्हा बांधले. एक, दोन, तीन. मग ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, समोर उभ्या दिराकडे बघितलं, आणि गोठ्यावर पत्र्याच्या सावलीत पडलेला तिसरा तिच्या डोळ्यांपुढे आला. काय पण नग, ती मनात म्हणाली. वाटणीत मोजायचे राहून गेले. गाठोडं तिने स्टुलावर ठेवलं आणि निघाली.

धाकटा उठून बसला होता. तिच्या मोकळ्या हातांकडे त्याने पाहिलं.

"गेली होतीस?"

"हो."

"मागितलीस?"

"तीनदा."

त्याच्या मानेची शीर फुगली. "नाही म्हणाला ना?"

"दिली. दोन्ही दिल्या. आपल्यासारख्याच आहेत."

"म्हणजे?"

"मेलेल्या. कपाटातच मेल्या."

धाकट्याच्या तोंडावर हसू पसरलं, खरंखुरं, आतून आलेलं. काम हातचं गेलं होतं, तळहात सोलले होते, बायको भर अंगणात तीनदा हात पसरून आली होती. पण तो हसत होता. "त्याच्या पण?" म्हणाला. "दोन्ही?" त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. दोनदा मागून घेतलं.

धाकटीने वाढलं.

चौथ्या दिवशी शहरातली माणसं आली. दोघेच होते, पण पत्रे लांब, एका पत्र्याला दोन टोकांना दोन माणसं लागतात. गोठेवाल्याने गावातून माणसं बोलावली तेव्हा त्याने धाकट्याला बोलावलं आणि थोरल्यालाही. नाही कोणीच म्हणालं नाही. रोजावर पत्रे उचलायला जाणं ही काही मागणी नव्हे, असं दोघांनीही स्वतःला समजावलं असणार. पलीकडचे दोन गोठेही शहरातल्यांनाच मिळाले, हे सकाळीच कळलं होतं.

धाकटी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. दोघं भाऊ एकच पत्रा उचलून चालत होते, पुढे थोरला, मागे धाकटा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वळताना पत्रा वाकायचा, तेवढ्यावरून एकमेकांचं त्यांना कळायचं. लहानपणापासून बरोबर काम केलेली माणसं, पावलं आपोआप जुळत होती.

काम बघायला आबाही आले होते. झाडाच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. वर शहरातल्या माणसाने मशीन थांबवलं. बॅटरीवर अजून दोन हिरवे दिवे होते. त्याने ती काढून सावलीतल्या डब्यात ठेवली आणि दुसरी बसवली.

"अहो," आबा खालून ओरडले, "जीव आहे अजून तिच्यात. काढली कशाला? पार उतरू दे की."

वरच्या माणसाने लक्ष दिलं नाही. थोरल्याने खाली पाहिलं नाही, धाकट्यानेही नाही. दोघांनी दोन टोकांना वाकून पुढचा पत्रा उचलला.